अर्ध्या तिकिटाच्या दोन जागा

उरुआपान, २० एप्रिल १९९८

लाडक्या लिओनोरताई,

तुझं पत्र ईस्टरच्या आदल्या दिवशी हातात पडलं. फोटोही मिळाले. शिकागोत अजून बर्फ आहे म्हणतेस, आणि इथं आमच्या गल्लीत दुपारी कुत्रीसुद्धा सावली सोडायला तयार नाहीत. तुझे गुडघे बरे असोत. माझे बरे आहेत. रक्तदाबाची गोळी न चुकता घेते. पॅकिंगच्या कारखान्याची पेन्शन वेळेवर येते. अंगणातल्या अवोकाडोला यंदा फळ कमी आहे, पण जे आहे ते चांगलं आहे. आरासेली मजेत आहे. झालं, ख्यालीखुशाली संपली.

आता कशासाठी लिहायला बसले ते सांगते. माझी शिवणवाली मैत्रीण तेंचा बदलली आहे.

तुला तिकडं राहून इथल्या गोष्टी विसरायला झालं असेल, म्हणून सांगते. साठ पूर्ण झाली की आम्हाला कार्ड मिळतं आणि लांबच्या गाडीचं तिकीट अर्ध्यात. पण एका गाडीत अशा दोनच जागा. तिसरा म्हातारा आला की त्यानं पूर्ण पैसे मोजायचे, नाहीतर घरी बसायचं. सुट्ट्यांमध्ये तर तेही बंद. ईस्टर झाला की खिडकी पुन्हा उघडते, आणि मी आणि तेंचा दर वर्षी त्या दोन जागा पकडतो. तिचा मुलगा साऊल पार सीमेवरच्या तिहुआनाला, माझी लेक आरासेली तिहुआनाला. शेजारी शेजारी बसून जायचं, शेजारी शेजारी बसून यायचं. किती वर्षं चाललंय हे!

आणि हे सगळं तिला शिकवलं कुणी? मी. पहिल्या वर्षी ती थेट गाडीचं तिकीट काढायला निघाली होती. मी दंडाला धरून मागं ओढली. म्हटलं, "वेडी आहेस का? ग्वादालाहारापर्यंत वेगळं काढ, तिथून पुढचं वेगळं. वाचलेल्या पैशात परतीचा अर्धा रस्ता निघतो." मंगळवारची गाडी घ्यायची, कारण मंगळवारी कुणी जात नाही. उजव्या बाजूला बसायचं, म्हणजे दुपारचं ऊन पलीकडच्यांना. ड्रायव्हर जिथं जेवायला थांबवतो तिथं पाणीसुद्धा विकत घ्यायचं नाही, त्याला फुकट ताट मिळतं ते आपल्याच खिशातून. उशी भाड्यानं घ्यायची नाही, शाल गुंडाळायची. आणि अंडी घरीच उकडून, सोलून, मीठ-मिरची लावून मक्याच्या तोर्तियात गुंडाळायची, म्हणजे गाडीत वास सुटत नाही आणि शेजारचे आशेनं बघत नाहीत.

ती अंडीच सगळ्याच्या मुळाशी आहेत.

आमच्या गल्लीत गेल्या वर्षी रमोना नावाची एक बाई राहायला आली. सामोरा गावची. नवऱ्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं, तो गेला. केस लाल रंगवते. कानात सोन्याचे हे एवढे झुमके, चर्चमध्ये मान हलवली की खुळखुळतात. हसली की पाद्रीबाबा वाचताना ओळ चुकतात. नोव्हेंबरात साठीची झाली, आणि तिला कार्ड काढून द्यायला कचेरीत कोण गेलं? तेंचा. जिला मी नेलं होतं, तीच.

तर काल रविवारी मिस्सा संपल्यावर आम्ही बाहेर गाडीवर तिखट लावलेले आंब्याचे काप खात उभ्या होतो. रमोना म्हणाली, "एवढा लांबचा प्रवास, खायचं काय करता गं?" आणि तेंचा तिला सांगायला लागली. अंडी. घरीच सोलायची. तोर्तियात गुंडाळायची. "मी नेहमी असंच करते," म्हणाली. मी तिथं उभी होते, ताई! तिच्या कोपराला माझा कोपर लागत होता.

रमोना म्हणाली, "अगं बाई, तू तर भलतीच हुशार निघालीस!"

मी हसून विचारलं, "हो ना. कुठं शिकलीस गं?"

"असंच सुचलं," म्हणाली तेंचा.

असंच सुचलं!

मग घरी येताना, आमच्या कोपऱ्यावर, चप्पल नीट करायचं निमित्त करून ती थांबली. वर न बघताच म्हणाली, "फिना, यंदा मी रमोनाबरोबर जाईन म्हणते. तिची मुलगी आहे तिथं, आणि तिला एकटीनं जमायचं नाही. तू गेल्या वर्षी फार दमली होतीस."

मी दमले होते? मेक्सिकालीच्या पुढच्या घाटात तिला उलटी होत होती आणि पिशवी धरून मी बसले होते! पण मी काय म्हटलं माहितेय? "बरं झालं. मलाही यंदा घराला रंग द्यायचाय." घराला कुठला रंग आणि काय.

तशी ती गेल्या हिवाळ्यापासूनच फटकून वागतेय. दार वाजवलं की फटीतून म्हणते, "डोकं दुखतंय फिना, उद्या ये." आणि आतून हसण्याचा आवाज येतो. तो आवाज कुणाचा आहे हे अख्ख्या गल्लीला कळतं.

तू लिहिशील, फिना, तू जळतेस. अजिबात नाही. रमोनाजवळ जळण्यासारखं आहे काय? पैसेवाली बाई, विमानानं जाऊ शकते, आणि गरिबांच्या दोन जागांवर डोळा. माझा राग आहे तो त्यावर.

मुलांना आशीर्वाद. गुडघ्यांना कापूर चोळ.

तुझी
फिना

---

उरुआपान, ६ मे १९९८

लाडक्या ताई,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तुझ्यावर रुसले होते, तुला कळलंही नसेल. "लहानपणी शेजारच्या मुलींनी मला खेळायला बोलावलं की तू अशीच फुगून बसायचीस" असं लिहायची गरज नव्हती. फुगून बसायचे ते वेगळ्या कारणानं. मला पोटदुखी असायची.

घाईत लिहितेय, तोर्तियावाला बेनितो पोस्टाकडं चाललाय, त्याच्याबरोबर देते.

एक गंमत झाली. परवा मी बस स्टँडच्या बाजूला गेले होते, दोरा घ्यायला. सहज. सकाळची वेळ, खिडकी नुकतीच उघडत होती, समोर एकही माणूस नाही. म्हटलं विचारून तर बघू. तर एकोणीस मेच्या मंगळवारी ग्वादालाहाराहून सुटणाऱ्या गाडीत अर्ध्या तिकिटाच्या दोन्ही जागा शिल्लक! योगायोग म्हणायचा. मी एक घेतली. एकच घेतली, ताई. दुसरी तशीच सोडली. एका कार्डावर एकच मिळते हे खरं, पण मला ती सोडायचीच होती.

आता त्याच मंगळवारी दुसऱ्या कुणाला जायचं असेल, तर तो ज्याचा त्याचा प्रश्न. जागा एक आहे. ज्या दोघींना जायचंय त्यांतल्या एकीला मिळेल. आणि त्या एकीला माहीतच आहे की शेजारी कोण असणार, उजवी बाजू कुणाची, अंडी कुणाची. ती येईल. दार वाजवेल, म्हणेल, "चल बाई, तूच चल." मग मी थोडे आढेवेढे घेईन. फार नाही.

अजून आली नाही. पण अजून दिवस आहेत.

बेनितो हाका मारतोय.

फिना

---

उरुआपान, २७ मे १९९८

प्रिय ताई,

हे पत्र लांबेल. चष्मा पुसून, सावकाशीनं वाच. वाचून झालं की मुलांच्या हाती लागू देऊ नकोस.

मागच्या पत्रात मी दोरा घ्यायला गेले होते असं लिहिलं. दोरा वगैरे काही नव्हता. रमोना आणि तेंचा कुठल्या मंगळवारी जाणार हे मला बेनितोच्या दुकानात कळलं होतं. त्या दोघी दुसऱ्या दिवशी तिकिटं काढायला जाणार आहेत हेही कळलं होतं. म्हणून मी त्यांच्या आधी जाऊन खिडकीशी उभी राहिले. तुला हे कळलंच असेल. तुला माझं सगळं कळतं, म्हणून तर तुला लिहिताना खोटं लिहावं लागतं.

एकोणीस तारखेपर्यंत तेंचा आली नाही. मी तरी अंडी तिच्या हिशेबानं जास्तच उकडली. तिला आवडतात तशी कोरुंदा केली, मक्याच्या पानात बांधून, चीज घालून. पहाटेच ग्वादालाहाराच्या गाडीत जाऊन बसले. खिडकीशी तिची जागा ठेवून मी बाजूला बसले आणि दरवाज्याकडं बघत राहिले.

आणि चढली कोण? रमोना. छातीशी एक भलं मोठं पांढरं खोकं धरून, कुणाला धक्का लागू नये म्हणून कडेकडेनं चालत. मला बघून म्हणाली, "देल्फिनाबाई! बरं झालं बाई, ओळखीचं माणूस," आणि सरळ तेंचाच्या जागेवर बसली.

मी मागं बघितलं. तिच्यामागून एक कोंबडीवाला चढला. गाडी सुटली.

रमोना बोलत होती, ती थांबते कधी? खोकं मांडीवरच. वरच्या फळीवर मावत नव्हतं आणि डिकीत ठेवायला तिनं कंडक्टरला साफ नकार दिला होता. शेवटी मला राहवेना.

"एवढं काय आहे त्यात?"

"तुम्हाला माहीत नाही? तेंचा बोलली नाही?"

"आमचं बोलणं कमी झालंय हल्ली."

"अहो, सिओमाराचा पोशाख! शनिवारी तिची पंधराव्या वर्षाची मिस्सा आणि नाच आहे ना."

सिओमारा म्हणजे साऊलची मुलगी, तेंचाची एकुलती एक नात. मी म्हटलं, "तिचा वाढदिवस सप्टेंबरात असतो."

"असतो हो. पण साऊल जूनमध्ये मासेमारीच्या जहाजावर चाललाय. बाप नाही तर पोरीबरोबर पहिला नाच कोण करणार? म्हणून आधीच उरकतायत." तिनं झाकण बोटभर उचललं. आत फिकट निळं रेशीम, आणि गळ्याभोवती मणीच मणी, तांदळाएवढे. "सहा महिने तेंचा शिवत होती. मणी मी ओवले. माझी बोटं बघा कशी झालीत."

ताई, त्या क्षणी मला काय वाटलं, ते पाद्रीबाबांनाही सांगितलेलं नाही. आजी इथं नाही, मिस्सा शनिवारी आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आधी आलं ते हेच, की मणी मला का नाही ओवायला दिले? मी दार वाजवत होते आणि आत या दोघी दिव्याखाली डोक्याला डोकं लावून मणी ओवत होत्या. निळ्या रेशमाकडं बघवेना, म्हणून मी पलीकडच्या खिडकीबाहेर बघायला लागले.

बाकीचं नंतर सुचलं. मी विचारलं, "मग आजी कुठंय?"

"घरी. अर्ध्या तिकिटाच्या दोन जागांपैकी एक आधीच गेलेली. राहिली ती मला दिली तिनं. माझी नीना बाळंत होणार आहे, पहिलीच वेळ, आणि नवरा मार्चमध्येच पळून गेलाय. तेंचा म्हणाली, पोशाख पोचला म्हणजे मी पोचले, तू जा."

"पूर्ण तिकीट काढायचं होतं एकीनं."

"कशातून? तिचं सगळं त्या रेशमात गेलं. मी म्हटलं, माझे कानातले विकते. तर मला घराबाहेरच काढलं. खरं तर कानातले मी नीनाच्या बाळंतपणासाठी आधीच विकले होते, ते तिला ठाऊक नव्हतं." आणि हसली. मी तेव्हा कुठं तिच्या कानांकडं नीट बघितलं. नुसती भोकं होती. दुकानही नाही म्हणे राहिलं, नवऱ्याच्या आजारपणात गेलं. केस मात्र ती दर महिन्याला रंगवणार, जेवण चुकलं तरी.

पुढं ग्वादालाहारा येईपर्यंत मी तिचं बोलणं ऐकलं नाही. ऐकू येत होतं, पण ऐकलं नाही.

ग्वादालाहाराच्या स्टँडवर दुपारी उतरलो. तिहुआनाची गाडी संध्याकाळी होती. बाकावर बसून मी तिला विचारलं, "ती दुसरी जागा कुणी घेतली, हे खिडकीवरच्या माणसानं सांगितलं का?"

तिनं खोकं शेजारी ठेवलं. त्या बाईला गंभीर झालेली मी पहिल्यांदाच बघत होते. "सांगितलं. तेंचालाही माहीत आहे."

"काय म्हणाली?"

"जाऊ दे ना, देल्फिनाबाई."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, 'फिनाला जाऊ दे. तिचं तिथं कुणी नाही आता. ती प्रवासासाठीच येते.'"

तर आता तुलाही लिहून टाकते, ताई. आरासेली तिहुआनात नाही. दोन वर्षं झाली, ती आणि जावई सीमा ओलांडून पलीकडं गेले, तुझ्या अमेरिकेत, फ्रेस्नोला. कागद नाहीत, म्हणून तिला इकडं येता येत नाही आणि मला तिकडं जाता येत नाही. तिनं तुला फोनवर सांगितलंच असेल. तू पत्रात कधी विचारत नाहीस, ही तुझी दया. मी तेंचालाही सांगितलं नव्हतं. दोन वर्षं मी तिहुआनाला उतरायचे, तेंचा साऊलकडं जायची, आणि मी "आरासेलीकडं जाते" म्हणून स्टँडमागच्या एका खानावळीत आठवडा काढायचे. भिंतीकडं बघत. मग परतीची गाडी यायची आणि पुन्हा तिच्या शेजारी बसायला मिळायचं. घरी तिला दहा कामं, येणारी-जाणारी, मशीन, गिऱ्हाइकं. गाडीत ती नुसती माझी असते. मी सोलून दिलेलं अंडं खाते, माझ्या खांद्यावर झोपते, घाट आला की माझा हात धरते.

आणि तिला सगळं माहीत होतं. खानावळसुद्धा, बहुतेक.

मी उठले आणि फोनाकडं गेले. बेनितोच्या दुकानात फोन लावला आणि तेंचाला बोलवायला सांगितलं. ती धापा टाकत आली.

"कोण गेलं?" पहिलं वाक्य हे.

"कुणी नाही गेलं. मी फिना. ऐक. आत्ताच्या आत्ता निघ. बेनितोकडून ग्वादालाहारापुरते पैसे घे, मी आल्यावर त्याचं बघते. कार्ड घेऊन ये. माझी जागा तुला देते."

तिकडून नुसता तोर्तियाच्या यंत्राचा आवाज.

"तेंचा?"

"आणि तू?"

"मला घराला रंग द्यायचाय," मी म्हटलं, आणि फोन ठेवला. नाहीतर रडले असते, आणि लांबच्या फोनवर रडायला काय पैसे पडतात तुला माहीत आहे.

मग नुसती वाट बघणं. रमोना एकदा खोक्याजवळ बसायची, एकदा मी. ती म्हणाली, "येईल हो, फिनाबाई." मी म्हटलं, "मला फिना म्हणू नका." लगेच वाईटही वाटलं, पण शब्द गेला तो गेला.

तेंचा आली तेव्हा आमची गाडी फलाटाला लागली होती. केस सुटलेले, पायात घरातल्या सपाता, हातात चिंधीत बांधलेलं कार्ड. आम्ही तिघी धावतच खिडकीशी गेलो. खिडकीवरची मुलगी म्हणाली, "तिकीट दुसऱ्याच्या नावावर होत नाही. आधी रद्द करावं लागेल. रद्द झालं की जागा मोकळी, मग ज्याचा नंबर त्याला."

आणि नंबर होता एका टोपीवाल्या म्हाताऱ्याचा. तो सकाळपासून वाटेतल्या कुलियाकानला जायला कुणीतरी रद्द करतंय का बघत होता. मी तिकीट आत सरकवलं, आणि तो कार्ड घेऊन पुढं झाला.

ताई, मी आयुष्यात पहिल्यांदा एका म्हाताऱ्याला कोपरानं ढकललं. चांगलं जोरात.

"अहो बाई! रांग आहे इथं!"

"असेल! माझी जागा आहे!"

"तुमची होती. आता रद्द झाली."

"मी अजून खिडकीत उभी आहे ना? मी उभी आहे तोवर माझीच!"

"वयाची तरी लाज धरा!"

"तुम्ही धरा! मी तुमच्याहून लहान आहे!"

तेवढ्यात रमोनानं मागून हात घालून तेंचाचं कार्ड काचेखालून सरकवलं. खिडकीतल्या मुलीनं मान वर न करता दोन बटणं दाबली आणि तिकीट बाहेर. म्हाताऱ्यानं माझ्या आईचा उद्धार केला. तुझ्याही आईचा, म्हणून सांगितलं.

फलाटावर तेंचा माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं मिठी मारेल. मारली नाही. म्हणाली, "तू असं का केलंस, फिना?"

मी म्हटलं, "तू मणी मला का नाही दिलेस?"

तिला हे अपेक्षित नव्हतं. म्हणाली, "तू आल्याबरोबर रेशमाचा भाव विचारला असतास. मग म्हणाली असतीस, बाजारामागच्या दुकानात निम्म्यात मिळतं. मला एक वस्तू भाव न विचारता करायची होती."

विचारलाच असता. त्या घटकेलाही विचारावासा वाटत होता.

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. मी खाण्याची पिशवी तिच्या हातात दिली, म्हटलं कोरुंदा आधी खा, अंडी टिकतील. ती चढली. रमोना खिडकीशी, ती माझ्या जागेवर. उजवी बाजू. बाहेरून मला सगळं दिसत होतं. रमोनानं पिशवी सोडली, वास घेतला, काहीतरी बोलली, आणि तेंचा हसली, डोकं मागं टाकून. माझी अंडी हातात घेऊन! मी हात वर केला होता. त्यांनी बघितलं की नाही कुणास ठाऊक. गाडी मागं सरकली आणि गेली.

तुला वाटेल, चांगलं काम केलं की मन हलकं होतं. झालं नाही. परतीच्या गाडीत मी पूर्ण वेळ जळत होते. घाट आला की ती हात कुणाचा धरेल, एवढंच डोक्यात. मी माझ्या हातानं त्या दोघींना शेजारी बसवून आले होते, वर जेवण बांधून दिलं होतं. रमोना वाईट असती तर बरं झालं असतं गं. ती वाईट नाही. हे मला सगळ्यात जास्त झोंबतं.

काल तेंचाचा फोन आला बेनितोकडं. मला बोलावलं. पोशाख अंगाला बरोब्बर बसला, साऊल नाचताना मुलीच्या पायावर पाय देत होता, सगळे रडले. नीनाला मुलगा झाला. मग म्हणाली, "रमोना आता तिथंच राहणार आहे दोन-तीन महिने, बाळासाठी. मी एकटीच येतेय. पुढच्या मंगळवारची गाडी, जागा मिळाली." आणि वर, "शेजारची रिकामी आहे अजून."

"असेल," मी म्हटलं. आणि फोन कटला, तिचे पैसे संपले असतील.

आता तू सांग, हे आमंत्रण होतं की नुसती माहिती? रात्रभर मी तेच उलटून पालटून बघितलं. रमोना तिथंच राहणार हे ऐकून मला जो आनंद झाला तो नक्कीच पाप आहे, त्याचं मी रविवारी बघेन.

सकाळी खिडकीवर गेले. जायच्या गाडीत अर्ध्याच्या दोन्ही जागा गेलेल्या, सगळ्या आठवड्याच्या. परतीची, तिच्या शेजारची, होती. ती अर्ध्यात घेतली. आणि जायचं तिकीट पूर्ण काढलं. थेट गाडीचं, ताई, तोडूनसुद्धा नाही. खिडकीवरचा माणूस मला ओळखतो, त्यानं दोनदा विचारलं, "देल्फिनाबाई, नक्की?" शेजारी बसून परत येता यावं म्हणून एवढ्या लांब जायचं, तेही पूर्ण पैसे मोजून. हा हिशेब कुणाला दाखवला तर मला कोंडून ठेवतील.

ती मला तिथं बघून काय म्हणेल, मला माहीत नाही. "कशाला आलीस?" म्हणाली, तर यंदा आरासेलीचं नाव घेणार नाही. सांगणार आहे, तुझ्या शेजारी बसायला आले. तू शिकागोला निघालीस तेव्हा स्टँडवर हेच म्हणायचं होतं मला, आणि मी म्हटलं, "पिशवी सांभाळ." आठवतं? तीस वर्षं झाली असतील. तुझ्या शेजारच्या जागेवर दुसरं कुणीतरी बसलं होतं.

लगेच उत्तर पाठवू नकोस, मी घरी नसेन. गाडी दुपारची आहे आणि अंडी अजून गरम आहेत, सोलायचीत.

तुझ्या शेजारी जिला बसायचं होतं, ती तुझी धाकटी बहीण,
फिना